पत्र्यावर फेकलेला दात : नंदुरबारचे चार दिवस

नंदुरबारला मिरची बघायला जायचं, हे मी आणि लोटनभाऊ गेली सहा वर्षं ठरवत होतो. लोटनभाऊ माझे बँकेतले जुने सहकारी. नाशिकच्या शाखेत मी अधिकारी होते, ते रोखपाल. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी गेले, तापीच्या अलीकडे, प्रकाशा या संगमावरच्या तीर्थाच्या बाजूला. दर जानेवारीत त्यांचा फोन यायचा, "ताई, मिरची वाळत घातली आहे, या." आणि दर जानेवारीत माझं काही ना काही निघायचं. यंदा निघाली ती डावीकडची खालची दाढ. माझ्या दंतवैद्यांनी दोन आठवडे आधी बजावलं होतं की कीड खोल गेली आहे, रूट कॅनल करून घ्या आणि मग कुठे जायचं तिथे जा. मी कुरकुरले तेव्हा त्यांनी तात्पुरतं सिमेंट भरलं आणि म्हणाले, "हे दार नुसतं लोटून घेतलंय, कडी लावलेली नाही." मी म्हटलं, चार दिवसांत काय होतंय.

तुम्ही कुठे जायचं ठरवत असाल तर पिशवी भरण्याआधी दात दाखवून घ्या, एवढं सांगून पुढे जाते. हे वाक्य मलाही चार जणांनी सांगितलं होतं.

नाशिकहून एसटी धरली. सटाणा, पिंपळनेर, साक्री असा रस्ता आहे, सहा तास धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या आणि जागेवरून भांडणंही त्यांचीच. साक्रीच्या आसपास डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागतात. तिथे एसटी पंधरा मिनिटं थांबते, चहा बरा मिळतो, स्वच्छतागृहाबद्दल मी काही बोलणार नाही. रस्ता मधे मधे चांगला आहे. जिथे नाही तिथे दाढ आपली जागा दाखवून देत होती.

नंदुरबार स्टँडवर लोटनभाऊ आणि त्यांची सून मनीषा घ्यायला आले होते. मनीषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, गाडी तीच चालवते. लोटनभाऊ शेजारी बसून ब्रेक मारायची जागा पायाने दाबत राहतात. घरी जायच्या आधी त्यांनी मला थेट पथारीवर नेलं. पथारी म्हणजे शहराबाहेरची मोकळी जमीन, जिथे व्यापारी ओली मिरची विकत घेऊन उन्हात पसरतात. डोळे पोचतील तिथवर लाल. फोटो तुम्ही पाहिले असतील, पण फोटोत शिंका येत नाहीत. रुमाल न्या, चष्मा असेल तर तो घाला, आणि तिथून आल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. बघायला कुणी पैसे घेत नाही, फक्त मिरचीवर पाय देऊ नये आणि माणसांचे फोटो विचारून काढावेत.

मिरचीची देठं खुडायला बायका ओळीने बसल्या होत्या. तोंडाला पदर बांधलेला, हात चालूच. मी शिंकून शिंकून अर्धी झाले होते, ते बघून एकीने पदराची गाठ सोडली आणि मूठभर फुटाणे माझ्यापुढे धरले.

"खा ना बाई. कवयनी नुसती शिंकी ऱ्हायनी."

कधीची नुसती शिंकतेयस, असं ती म्हणाली. एवढ्या मायेने दिल्यावर नाही कोण म्हणेल. तिसऱ्या फुटाण्याला कट् झालं. सिमेंट तर गेलंच, सोबत दाढेची आतली भिंतही घेऊन गेलं. मी तोंड उघडलं तशी त्या तिखट हवेची एक झुळूक आत शिरली. मी खाली बसले. लाल मिरची बघायची सहा वर्षांची हौस तिथे फिटली.

घरी सुमनवहिनींनी, म्हणजे लोटनभाऊंच्या बायकोने, लवंग दिली. शेजारणीने मशेरी लावायला सांगितली. तिसऱ्या कुणी सांगितलं की डोकेदुखीची गोळी फोडून दाढेच्या फटीत दाब. लवंगेवर भागवलं. जेवायला शेवभाजी आणि दादर ज्वारीची भाकरी होती. उजव्या बाजूने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली नुसती बघितली. जेवणं झाल्यावर दिव्याने आम्हाला अंगणात ओळीने बसवलं. दिव्या म्हणजे मनीषाची मुलगी, लोटनभाऊंची एकुलती एक नात, वय दहा. प्रजासत्ताक दिनाला शाळेत तिचं भाषण होतं आणि तिने ते आमच्यापुढे दोनदा केलं. दुसऱ्यांदा जास्त जोरात. लोटनभाऊंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, त्यांना पाठ झालं होतं. माझी दाढ ठणकत होती तरी मला हसू आलं. पोरगी धीट आहे आणि हसली की समोरचे दोन मोठे दात आधी दिसतात.

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला जायचं होतं. त्याऐवजी मी नंदुरबारच्या एका दवाखान्यात दीड तास बाकावर बसले. डॉक्टर नसरीन पन्नाशीच्या आहेत, घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातलं, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. "त्यांचं आणि माझं काम सारखंच, बारीक चिमटे आणि चिडलेली गिऱ्हाइकं," असं त्या नंतर मला म्हणाल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई गालाला रुमाल धरून बसली होती. तिने आपण होऊन हकिगत सांगितली.

"दाढखाल गोयी दाबी धरी. दाढ दुखानी ती दुखानीच, गाल बी जयी गया."

दाढेखाली गोळी दाबून धरली आणि गालच भाजून निघाला. तिचा नंबर आला तेव्हा दाराआडून डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, "माय, गोयी पोटमा जास, गालमा नही." बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, काल लवंग हाताशी नसती तर मीही तेच केलं असतं.

दीड तास बसलं की माणूस भिंत वाचतो. समोर डॉक्टरांनी स्केचपेनने स्वतः लिहिलेला तक्ता होता, अक्षर मोठं, चित्रं साधी. मी तो तीनदा वाचला. दाढ दुखली तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. सूज असेल तर बाहेरून थंड शेका, गरम नको. सगळ्यात खाली लाल अक्षरांत होतं : मार लागून पक्का दात मुळासकट पडला तर तो चावायच्या टोकाने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, गार दुधात घाला आणि तासाभरात डॉक्टरकडे या. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत. बाजूला पेला आणि त्यात बुडालेला एक दात काढला होता. दाताला डोळे आणि हसू काढलं होतं, बहुतेक पोरांसाठी.

माझ्या दाढेत डॉक्टरांनी औषध भरलं, नवीन सिमेंट लावलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "नाशिकला गेल्यावर पहिलं काम हे. मी फक्त तुमचा घरी पोचायचा रस्ता मोकळा केलाय." संध्याकाळपर्यंत ठणका गेला. दुखणं थांबल्यावर माणूस इतका उदार होतो की मी वहिनींच्या तिसऱ्या चहालाही हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शहाद्यावरून तोरणमाळला जायचं ठरलं होतं. रविवार होता, मनीषाला सुट्टी. वहिनी देवळात गेल्या होत्या, मनीषा डबा भरत होती आणि मी ओट्यावर बूट घालत होते. दिव्या मागच्या गोठ्यात वासराला सोडायला गेली. वासराने दाव्याला हिसका दिला आणि ती तोंडावर पडली, दगडी गव्हाणीच्या काठावर. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त रडणं ऐकू आलं, मग लोटनभाऊंचा समजावणीचा आवाज.

"रडू नको वं माय. दात पडना ते काय व्हयनं? नवा यी."

आणि मग पत्र्यावर टप् असा आवाज.

लोटनभाऊ हात धुऊन, नातीला कडेवर घेऊन हसत पुढे आले. दहा वर्षांची पोरगी कडेवर मावत नव्हती तरी घेतली होती. "नातीचा दात पडला," म्हणाले. "शेणाच्या गोळ्यात घालून गोठ्यावर फेकला. हिचे सगळे मीच फेकलेत, एकही चुकवला नाही."

त्या बाजूची ही पद्धत. पडलेला दात शेणात घालायचा आणि छपरावर टाकायचा, म्हणजे उंदीर तो नेतो आणि बदल्यात आपल्यासारखा बळकट देतो. आमच्याकडेही लहानपणी होतं. मी सवयीने "वा वा" म्हणणार होते. तेवढ्यात दिव्याने तोंड उघडलं. रक्त जास्त होतं. आणि गेलेला दात समोरचा होता, त्या दोन मोठ्यांतला एक.

"हा आधी एकदा पडला होता का?" मी विचारलं.

उत्तर दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या मनीषाने दिलं. "दुसरीत होती तेव्हा."

लोटनभाऊ माझ्याकडे बघत राहिले. ते माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात, बँकेतली सवय. ती त्या क्षणी गळून पडली.

"पयले पडेल व्हता," ते हळूच म्हणाले. "मीच फेकेल व्हता."

म्हणजे आता दुसरा फेकला होता, आणि याच्यामागे तिसरा येणार नव्हता. मी तक्त्याबद्दल सांगितलं. सांगताना माझी मलाच खात्री नव्हती. शेणात घातलेल्या दाताबद्दल तक्त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

गोठ्याचे पत्रे जुने, माणसाचं वजन पेलणारे नव्हेत. लोटनभाऊ शिडी घेऊन आले आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी पहिल्या पायरीवर चढलेसुद्धा. मनीषाने त्यांना हाताला धरून बाजूला केलं, एक शब्द न बोलता, आणि ओढणी कमरेला बांधून स्वतः चढली. पत्र्यावर गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. मी खालून विचारत होते, दिसतो का, दिसतो का, आणि दिव्या तोंडावर टॉवेल धरून वर बघत होती. गोवऱ्या वाळलेल्या होत्या, ओला गोळा एकच होता, म्हणून सापडला. पत्र्याच्या टोकाशी घरंगळत जाऊन खिळ्याला अडकला होता. मनीषाने काठीने तो पुढे ओढला.

दवाखान्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, तिच्यावरच्या नंबरला फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दूध उकळून गार केलेलं आहे का? त्यातच हलवून शेण सुटेल तेवढं सुटू द्या. पाण्यात ठेवू नका. घासलात तर माझ्याकडे आणूच नका. दुसऱ्या पेल्यात चांगलं दूध घ्या, त्यात दात घाला आणि निघा. रविवारी मी दवाखाना उघडत नाही, आज उघडते."

मी फोनवर होते तेवढ्यात लोटनभाऊंनी दात हातात घेतला होता आणि धोतराचा सोगा ओला करून ते तो पुसायला निघाले होते. दात स्वच्छ करून द्यावा, एवढंच त्यांच्या मनात. मी ओरडले. आयुष्यात मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले, बँकेत रोकड जुळली नाही तेव्हाही ओरडले नव्हते. त्यांनी दात माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकले.

गाडीत मी पुढे, मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात दूध आणि दुधात दात. मागे आजोबा आणि नात. उसाचा हंगाम होता. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चालले होते आणि मागच्याला जागा द्यायची त्यांना गरज वाटत नव्हती. दात पडून तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. एरवी या रस्त्याचं मी वर्णन केलं असतं, दोन्ही बाजूंना पपई आणि केळी आहेत, बघण्यासारखा आहे. मी घड्याळ आणि डबा एवढंच पाहिलं. मला भीती वाटत होती. दाताची होती आणि मागच्या सीटवरच्या शांततेची जास्त होती.

"ताई," मागून आवाज आला. "हाई मीच करं." हे मीच केलं, असं लोटनभाऊ म्हणत होते.

मनीषाने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला.

आम्ही पोचलो तेव्हा तास भरायला थोडंसंच बाकी होतं. डॉक्टर दारातच उभ्या होत्या. पुढचं काम मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. सलाईनने धुणं, जागेवर बसवणं, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधणं. दिव्या रडली नाही. सगळं झाल्यावर तिने तारेतून पहिला प्रश्न विचारला.

"माले भाषण करता यी का?"

"यी," डॉक्टर म्हणाल्या. "भाषण कर. ऊस नको खाऊ."

मग त्यांनी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहिली आणि लोटनभाऊंकडे वळल्या. "काका, शेणात घातला हे वाईट झालं. तासाच्या आत आणला हे चांगलं झालं. धरला तर धरला. शब्द देत नाही. पुढे आतली नस काढावी लागेल, रंग थोडा उतरेल. पण मोठी होईपर्यंत टिकला, तरी तोंडात तिचा स्वतःचा दात राहील."

लोटनभाऊंनी मान हलवली. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून विचारलं, "असा आणखी एक आहे का?"

होता. त्याची गुंडाळी त्यांनी परतीच्या वाटेवर दोन्ही हातांनी धरली होती. घरी गेल्यावर गव्हाच्या खळीने तो तक्ता गोठ्याच्या दारावर चिकटवला. सुमनवहिनी म्हणाल्या, "म्हशी वाचतील आता." कुणी हसलं नाही. संध्याकाळी मनीषा चहा घेऊन बाहेर आली, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आबा, चहा. गार होई जाई." दिवसभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. त्यांनी चहा घेतला, पण कप बराच वेळ हातातच होता.

चौथ्या दिवशी मी परत निघाले. तोरणमाळ राहिलं, प्रकाशाचा संगम राहिला. तळोद्याच्या बाजारात आमचूर घ्यायचा, असं मी बोलले होते, म्हणून वहिनींनी कुणाकडून तरी त्याची पुडी मागवून पिशवीत टाकली, वर दोन किलो मिरची. तुम्ही जाल तर चार दिवस पुरतात, फक्त दात धड असू द्या. बरोबर लवंग ठेवा, आपल्या डॉक्टरांचा नंबर ठेवा, पोचाल त्या गावच्या डॉक्टरांचा विचारून ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे कुठले दात दुधाचे आणि कुठले पक्के, हे निघण्याआधी माहीत करून घ्या. घरोघरी ते कुणाला तरी माहीत असतं, पण नेमकं त्या वेळी ते माणूस आत डबा भरत असतं.

नाशिकला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रूट कॅनलच्या खुर्चीत होते. दंतवैद्यांनी तोंडात बघून विचारलं, "हे सिमेंट कुणी भरलं? चांगलं भरलंय." मला उगाचच अभिमान वाटला.

दिव्याने भाषण केलं. मनीषाने पाठवलेल्या व्हिडिओत तार चमकते, स आणि श जरा घसरतात, आवाज तेवढाच मोठा. तार महिन्याभराने निघाली, नस काढली. दात अजून आहे, शेजारच्याहून जरा मळकट दिसतो. किती वर्षं, ते डॉक्टर अजूनही सांगत नाहीत.

या प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर मिरची मार्चपर्यंत संपत आली होती आणि आमचूर तेवढा शिल्लक होता. तेव्हाच एका सकाळी लोटनभाऊंचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, दिव्यानी दाढ पडनी."

"कशाने? कुठली?"

"आपोआप पडनी. मागली. डॉक्टरले फोटो धाडा. त्या म्हणतस, दुधानी शे."

"दुधाची आहे म्हणतायत ना डॉक्टर? मग बरं झालं की."

"हा." पलीकडे वासराची घंटा वाजत होती. "शेण हातमा शे ताई. पण मन धीर नही करी ऱ्हायनं. फेकू का?"

आमच्या बँकेत लाखोंची रोकड हा माणूस न अडखळता मोजायचा. मी म्हटलं, "फेका भाऊ."

त्यांनी फोन बंद केला नाही. दिव्या जवळच असावी, ती म्हणाली, "आबा, जोरमा." मग पत्र्यावर टप् असा आवाज आला.